मुलाला घरातून नेलंय, आता समितीसमोर उभं राहायचंय

रात्री साडेनऊला फोन वाजतो. "ताई, पोलीस आले होते. संगं दोन मॅडम होत्या. पोरीला घेऊन गेले. उद्या अकराला समितीत या म्हणाले." पलीकडे कधी आई असते, कधी आजी, कधी तर ज्याच्या हातून सगळं घडलं तो बापच. पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे आमच्यावर केस झाली का?"

या प्रश्नापायीच बऱ्याच घरांची पहिली सुनावणी वाया जाते. आपण कसे निर्दोष आहोत याची जुळवाजुळव करत पालक रात्र जागून काढतात. शेजारणीने कसा डाव साधला हे सांगायला चार माणसं गोळा करतात आणि सकाळी तेच बोलत राहतात. पण मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीला त्या घडीला वेगळंच हवं असतं. हे लेकरू आज रात्री कुठे झोपेल? तिथे त्याच्या अंगाला कुणी हात लावणार नाही याची हमी कोण घेईल? ज्या घराकडे याचं उत्तर तयार असतं, त्या घरचं मूल लवकर परत येतं. समितीच्या दाराबाहेरच्या बाकावर पालकांशेजारी बसून मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता फोनवरच सांगते: केसचं नंतर बघू, आधी आजचं बघू.

हे कोर्ट आहे का?

आहेही आणि नाहीही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक बालकल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांतली किमान एक महिला. बसायला उंच चौथरा नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही, काळे कोट नाहीत. बऱ्याचदा बालगृहाच्याच आवारातली एक खोली, एक लांब टेबल, कोपऱ्यात थोडी खेळणी. पण त्या टेबलामागच्या माणसांना प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. त्यांनी दिलेला कागद म्हणजे आदेश, विनंतीपत्र नव्हे. ‘पाच समाजसेवक बसलेत’ असं समजून आवाज चढवणारे मी पाहिलेत, आणि त्याची नोंद त्यांच्याच फाइलमध्ये झालेलीही.

गावाकडे अजून सगळ्याला सरसकट ‘रिमांड होम’ म्हणतात. त्यामुळे आजीच्या डोळ्यांसमोर गजांची खिडकी येते. फरक नीट समजून घ्या. मुलाच्या हातून गुन्हा झाल्याचा आरोप असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि मूल निरीक्षणगृहात. ज्याला काळजीची आणि संरक्षणाची गरज आहे, ते समितीकडे येतं आणि ठेवायचंच झालं तर बालगृहात. तुमचं मूल आरोपी नाही. समितीसमोर तुम्हीही आरोपी नसता. मारहाण किंवा अत्याचाराचा गुन्हा पोलिसांत दाखल झाला असेल तर तो खटला वेगळा, त्याचं न्यायालय वेगळं, त्याचा वकीलही वेगळा लागेल. ही दोन प्रकरणं डोक्यात वेगळी ठेवा आणि घरात कागदांच्या पिशव्याही दोन करा.

घटस्फोटाच्या भांडणातला मुलाचा ताबा हाही समितीचा विषय नाही. त्यासाठी कुटुंब न्यायालय आहे. नवऱ्याला अद्दल घडवायला १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करणारे पालक असतात, बायकोला अद्दल घडवायला करणारेही असतात. समितीच्या लोकांना ते पाच मिनिटांत कळतं.

मूल नेलं जातं ते कशासाठी

कायद्यातली यादी लांब आहे. आपल्याकडे वारंवार दिसतात ती कारणं अशी: ज्याच्यासोबत मूल राहतं त्याच माणसाने मारलं, छळलं, उपाशी ठेवलं किंवा लैंगिक अत्याचार केला, आईवडील आजारपणाने, व्यसनाने किंवा तुरुंगात असल्याने सांभाळू शकत नाहीत, मूल भीक मागताना किंवा कामावर सापडलं, मुलीचं अठराच्या आत लग्न लावायची तयारी चालली होती.

मुलाला समितीपुढे आणणारे फक्त पोलीस नसतात. चाइल्ड हेल्पलाइनचे कार्यकर्ते, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे अधिकारी, कामगार निरीक्षक, डॉक्टर किंवा परिचारिका, सामाजिक कार्यकर्ता, एवढंच काय, मूल स्वतःही समितीसमोर येऊ शकतं. तक्रार कुणी केली हे शोधण्यात पहिला दिवस घालवू नका. ते तुम्हाला सांगितलं जाणार नाही, आणि तुम्ही शोधून काढून त्याच्या दारात गेलात तर ती बातमी तुमच्या आधी समितीपर्यंत पोहोचते.

पहिले चोवीस तास

ताब्यात घेतलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत समितीसमोर हजर करावं लागतं. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. समिती महिन्यातून किमान वीस दिवस बसते, पण मूल रविवारी रात्री सापडलं तर? मग एकट्या सदस्यासमोरही हजर करता येतं, त्या सदस्याच्या घरी नेऊनसुद्धा. तो सदस्य मुलाला बालगृहात किंवा योग्य व्यक्तीकडे ठेवायचा तात्पुरता आदेश देतो. प्रकरण कायमचं निकाली काढायचा अधिकार त्या एकट्याला नाही. पुढच्या बैठकीत समितीने ते बघायचं असतं. तेव्हा सोमवारी सकाळी जा. ‘आदेश झालाय’ असं दारावर कुणी सांगितलं म्हणून परत फिरू नका.

रात्रभर पोलीस ठाण्यात मूल बसवून ठेवणं नियमात बसत नाही. मुलांशी वागताना पोलिसांनी गणवेश घालायचा नसतो, आणि मुलगी असेल तर सोबत महिला पोलीस हवी. तसं झालं नसेल तर ठाण्यातच भांडत बसू नका. किती वाजता काय झालं ते कागदावर लिहून ठेवा आणि समितीपुढे शांतपणे सांगा.

त्या रात्री करायची कामं मी फोनवर सांगते ती अशी. ज्या अधिकाऱ्याने मूल नेलं त्याचं नाव, पद आणि ठाणं लिहून घ्या. मूल आत्ता कुठे आहे ते विचारा. पत्ता मिळेल असं नाही, पण सुखरूप आहे का एवढं सांगायला कुणी नाही म्हणत नाही. मुलाला रोजचं औषध असेल, फिट येत असतील, दमा असेल, कशाची ॲलर्जी असेल, तर ते त्याच रात्री कळवा, शक्य असेल तर औषधाची चिठ्ठी आणि पट्टी घेऊन जा. अंगावर पिणारं बाळ असेल तर तसं स्पष्ट बोला. लाजून गप्प बसलेल्या आया मला माहीत आहेत.

मग कागद काढा. मुलाचा जन्मदाखला सगळ्यात वर. वयाबद्दल प्रश्न निघाला तर कायदा आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा जन्मतारखेचा दाखला पाहतो, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. सोबत रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार, शाळेचं बोनाफाइड, प्रगतिपुस्तक, लसीकरणाचं कार्ड, मुलासोबतचे दोन-चार फोटो. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर घरमालकाचा नंबर. मूळ प्रती आणि दोन झेरॉक्स. मूळ प्रत कुणाच्याही हवाली करायची नाही, दाखवायची आणि परत घ्यायची.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं काम: नातेवाइकांची यादी. मामा, मावशी, आत्या, काका, दोन्हीकडचे आजी-आजोबा. यांतलं कोण उद्या सकाळी येऊन ‘मी महिनाभर सांभाळते’ असं म्हणेल? त्यांना रात्रीच गाडीत बसवा. कायद्यात ‘योग्य व्यक्ती’ अशी सोय आहे. चौकशी करून समितीची खात्री पटली, तर मुलाला संस्थेऐवजी अशा माणसाकडे ठेवता येतं. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं याच कायद्याच्या तत्त्वांत लिहिलंय. पण समितीने तुमच्या मावशीला स्वप्नात पाहायचं का? ती समोर उभी हवी, तिचं आधारकार्ड हातात हवं.

पहिल्या दिवशी काय होतं

आधी वाट पाहणं. अकरा म्हणजे दीड होऊ शकतो. डबा आणि पाणी सोबत घ्या, लहान भावंडांना शक्यतो आणू नका. भावंडांनाही घरात धोका आहे का असा प्रश्न निघणार असेल तर मात्र समिती त्यांना बोलावून घेईलच.

मुलाला आणणारा माणूस एक अहवाल सादर करतो, नमुना १७ मधला. मूल कुठे, कधी, कुठल्या परिस्थितीत सापडलं, अंगावर जखमा होत्या का, ते काय म्हणालं, हे त्यात असतं. समिती मुलाशी वेगळं बोलते, पालकांना बाहेर बसवून. हे चुकीचं नाही, ते तसंच व्हायला हवं. दारातून मुलाला खुणा करणं, ‘काय सांगायचं ते लक्षात आहे ना’ असं कुजबुजणं, रडून दाखवणं, सगळं टेबलामागून दिसतं. मुलाला एवढंच म्हणा: "जे झालं ते सांग, मी चिडणार नाही." तुमच्या तोंडून ते निघत नसेल तर काही न बोललेलं बरं.

मुलाला मराठी येत नसेल, घरात पावरी, कोरकू, गोंडी किंवा बंजारा बोलली जात असेल, किंवा मूल ऐकू-बोलू शकत नसेल, तर दुभाषी मागा. शेजारच्या काकांनी केलेलं भाषांतर चालवून घेऊ नका; काकांच्या मनातलंही त्यात उतरतं.

मग तुमची पाळी. प्रश्न साधे असतात. घरात कोण कोण राहतं? काम काय, किती वाजता जाता, तेव्हा मूल कुणाकडे असतं? दारू कोण पितं? हे पहिल्यांदाच झालं का? या शेवटच्या प्रश्नाला खोटं उत्तर देण्याचा मोह फार होतो. शाळेतल्या बाईंना, अंगणवाडी सेविकेला, दवाखान्यातल्या नोंदवहीला खरं माहीत असतं आणि पंधरा दिवसांत ते फाइलमध्ये येणार असतं. ‘झालंय मॅडम, दिवाळीत पण झालं होतं, तेव्हा मी माहेरी गेले होते’ हे वाक्य त्या आईच्या विरोधात जात नाही. ती मुलाला घेऊन बाहेर पडू शकते, हे त्यातून दिसतं.

जबाब लिहिला की वाचून दाखवायला सांगा, मगच सही किंवा अंगठा. ‘मला वाचता येत नाही’ म्हणण्यात कमीपणा नाही. बोललात त्यापेक्षा वेगळं उतरलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

वकील आणता येतो का, हे सगळे विचारतात. मज्जाव करणारं कलम कायद्यात नाही. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, साधारणपणे जिल्हा न्यायालयाच्याच इमारतीत असतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. फक्त फौजदारी कोर्टाच्या सवयीने उलटतपासणीचा सूर लावणारा वकील इथे उपयोगाचा नाही. आणि ‘साहेबांशी ओळख आहे, तेवढे पाच हजार द्या’ म्हणणारा वकील असो की दलाल, त्याच्यापासून लांब. समितीत फी लागत नाही.

दिवसअखेर तीनपैकी काहीतरी होतं: मूल हमीपत्रावर तुमच्यासोबत घरी, नातेवाइकाकडे, किंवा बालगृहात. बालगृहात गेलं तरी तो चौकशीपुरता आदेश आहे. पुढची तारीख कोणती, चौकशी कुणाकडे दिली आणि मुलाला भेटायचे दिवस कोणते, या तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आदेशाची प्रत मागा; तोंडी मागून मिळाली नाही तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

घरातल्याच माणसावर लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तेव्हा

इथे घड्याळ वेगळं चालतं. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांनुसार, गुन्हा मुलासोबत एकाच घरात राहणाऱ्याने केल्याचा वाजवी संशय असेल, तर पोलिसांनी चोवीस तासांत लेखी कारणांसह मूल समितीपुढे आणायचं असतं. समितीने तीन दिवसांत ठरवायचं की मुलाला कुटुंबाच्या ताब्यातून काढून बालगृहात ठेवणं गरजेचं आहे का. असा विचार चालू आहे हे मुलाला आणि पालकाला, किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे त्या माणसाला, कळवायचं असतं.

ठरवताना समिती काय पाहते तेही नियमांत लिहिलंय: मुलाची स्वतःची इच्छा, आई किंवा वडिलांपैकी कुणी एकजण तातडीची काळजी घेऊ शकतो का, कुटुंबाशी नातं टिकवायची गरज, मुलाचं वय आणि समज, अपंगत्व किंवा जुना आजार, घरातल्या हिंसेचा इतिहास. ‘दोघांपैकी एक’ हे शब्द पुन्हा वाचा. आई जर म्हणाली की तो माणूस या घरात पाय ठेवणार नाही, आणि ते नुसतं म्हणणं नसेल, तर मूल आईपाशी राहू शकतं.

नुसतं म्हणणं नाही हे दाखवायचं कसं? आरोपी अटकेत असेल तर जामिनाच्या तारखांवर लक्ष ठेवा. नसेल तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ वापरा. त्याखाली आईला संरक्षण आदेश मागता येतो आणि त्या पुरुषाला राहत्या घरातून बाहेर काढण्याचा आदेशही. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज दिल्याची पोच समितीपुढे ठेवली की बोलण्याला वजन येतं. मला नेहमी वाटत आलंय की आपण मुलालाच घराबाहेर काढतो आणि मारणारा कॉटवर झोपलेला असतो, हे उलटं आहे. कायद्यात ते सुलटं करायची सोय आहे, पण ती मागावी लागते.

मुलासाठी ‘सहायक व्यक्ती’ नेमायचा अधिकारही समितीला आहे. तपासात, दवाखान्यात, खटल्यात ती मुलासोबत राहते. नेमली नसेल तर विचारा.

पंधरा दिवस: प्रकरण खरं इथे ठरतं

समिती सामाजिक तपासणीचा आदेश देते. अहवाल पंधरा दिवसांत यायचा असतो. करणारा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, बाल संरक्षण कक्षाचा सामाजिक कार्यकर्ता किंवा संस्थेचा माणूस असतो. वस्तीत लोक याला ‘गृहचौकशी’ म्हणतात. नमुना २२ हा लांबलचक अर्ज आहे: घरातल्या प्रत्येकाचं वय, शिक्षण, उत्पन्न, आजार, सवयी, आपसातलं नातं, मुलाची शाळा, मित्र, झोपायची जागा, आधी झालेला छळ, आणि शेवटी चौकशी करणाऱ्याचं मत. समितीतल्या पाचजणांनी तुमचं घर पाहिलेलं नसतं. ते या अहवालाच्या डोळ्यांनी पाहतात.

म्हणून पहिल्याच दिवशी त्या अधिकाऱ्याचा नंबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा. "सर, आमचं घर दहा बाय दहाचं आहे, गल्ली सापडणार नाही, मी चौकात घ्यायला येते." एकेका अधिकाऱ्याकडे कितीतरी फायली असतात. जे घर फोन उचलत नाही, ते खाली जातं. पंधरा दिवस उलटूनही कुणी आलं नाही, तर समितीला लेखी कळवा.

भेटीच्या दिवशी घर सजवू नका. नवा गादीसेट आणि भिंतीवर कालच चिकटवलेले बाराखडीचे तक्ते पाहून अधिकारी हसतो, अहवालात हसत नाही. गरिबीमुळे मूल काढून घेतलं जात नाही, निदान जाऊ नये. पाहिलं जातं ते एवढंच, की मुलाला जेवण, शाळा, औषध आणि मार न खाता झोप मिळते का. शेजाऱ्यांना पढवून ठेवू नका. त्याऐवजी काय बदललंय ते दाखवा. वडील व्यसनमुक्ती केंद्रात जायला लागले असतील तर तिथला कागद. आईने कामाची वेळ बदलली असेल तर मुकादमाचं किंवा मालकिणीचं दोन ओळींचं पत्र. दुपारी मूल पाळणाघरात, अंगणवाडीत किंवा आजीकडे राहणार असेल तर आजी त्या वेळी घरात हजर.

एक गोष्ट पालकांना पटत नाही, पण सांगते. ‘आमच्या हातून चुकलं’ असं अधिकाऱ्यापुढे म्हणणं आणि ‘काहीच झालं नाही’ असं म्हणणं, यांत पहिल्याने मूल लवकर येतं. जे घर झालेलं मानतच नाही, ते पुढे काय वेगळं करणार? मात्र गुन्हा दाखल असेल तर बोलण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या, कारण ते शब्द दुसऱ्या पिशवीतल्या प्रकरणातही फिरू शकतात.

बालविवाह थांबवून मुलगी आणली असेल तर चौकशीचा रोख वेगळा. गावात ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याच्याकडूनही माहिती घेतली जाते. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, शिक्षण चालू ठेवू, असं हमीपत्र घेऊन बऱ्याच मुली घरी जातात. पण मुलगीच ‘मला घरी नाही जायचं, तिथे गेले की लावून देतील’ म्हणाली, तर समिती तिचं ऐकेल. ऐकायलाच हवं. मंडपाचा आणि जेवणाचा खर्च वाया गेल्याचं समितीपुढे सांगणाऱ्या बापाला मी एकदा हळूच बाहेर नेऊन चहा पाजला होता.

ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेल्या कुटुंबांची अडचण आणखी निराळी. बीडचं मूल सांगलीत किंवा कोल्हापुरात सापडतं, घरची चौकशी बीडमध्ये व्हायची असते. अशा वेळी सापडलेल्या जिल्ह्याची समिती घरच्या जिल्ह्याच्या समितीशी बोलून मूल तिकडे पाठवू शकते. ‘आमची बदली गावच्या समितीकडे करा’ असा अर्ज पालकांनीही द्यावा, आणि गावाकडे कोण सांभाळणार त्याचं नाव त्यात घालावं. नाहीतर टोळी पुढच्या फडावर निघून जाते आणि मूल मागेच राहतं.

मधल्या तारखा आणि भेटी

भेटायला जा, न चुकता. प्रत्येक भेटीची बालगृहात नोंद होते. चार महिन्यांत एकदाही न आलेल्या पालकांची फाइल वाचायला वेळ लागत नाही. भेटीत प्रश्नांचा मारा नको, रडारड शक्यतो नको. शाळेचं, कुत्र्याचं, आजीच्या गुडघ्याचं बोला. मोठ्या माणसांचा निरोप मुलामार्फत पाठवू नका. घरात कुणी गेलं, सख्ख्या नात्यात लग्न असेल, मुलाची परीक्षा असेल, तर समितीकडे रजेचा अर्ज करता येतो. साधारण सात दिवसांपर्यंत.

मुलाचा फोटो स्टेटसला ठेवू नका, ‘न्याय द्या’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवू नका, पत्रकाराला नाव देऊ नका. समितीपुढच्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पालकांनाही सूट नाही.

आणि एक कागद डोळ्यांत तेल घालून ओळखा. ‘मूल सोडून देण्याचा’ म्हणजे समर्पणाचा दस्त. दमलेल्या, एकट्या आईला कुणी म्हणतं, "सही कर, चांगल्या घरी जाईल." तो बालगृहात तात्पुरतं ठेवण्याचा कागद नाही. दोन महिन्यांत फेरविचार केला नाही तर मूल दत्तकासाठी मोकळं होतं. काही दिवस सांभाळायची अडचण असेल तर तसं शब्दशः म्हणा: "सोडत नाहीये, थोडे दिवस ठेवा."

अंतिम आदेश

मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हायचा असतो. तेव्हा समितीचे किमान तीनजण उपस्थित लागतात; मतभेद झाला तर बहुमत, बहुमतच नसेल तर अध्यक्षांचं मत. मूल पालकांकडे परत देणं, बाल कल्याण अधिकाऱ्याच्या देखरेखीसह किंवा देखरेखीविना, योग्य व्यक्तीकडे देणं, काही काळ सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात म्हणजे फॉस्टर केअरमध्ये ठेवणं, प्रायोजकत्वाची म्हणजे मुलासाठी कुटुंबाला पैशाची किंवा इतर मदत मंजूर करणं, किंवा बालगृह. यांतलं काहीही होऊ शकतं आणि दोन-तीन एकत्रही.

अडचण मुळात पैशाची असेल तर बालसंगोपन योजनेबद्दल विचारायला विसरू नका. एक पालक असलेल्या, आईवडील गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेल्या मुलांना घरातच राहून शिकता यावं यासाठी ही महाराष्ट्र सरकारची योजना आहे. २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये. मंजुरी समितीच्याच आदेशाने मिळते, म्हणजे तुम्ही योग्य टेबलासमोर आधीच उभे आहात.

आदेश पटला नाही तर

अपील तीस दिवसांत, बाल न्यायालयात. हे म्हणजे जिल्ह्याचं नेमून दिलेलं सत्र न्यायालय. फॉस्टर केअर आणि प्रायोजकत्वाच्या निर्णयांवरचं अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. तीस दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजायचे, म्हणून प्रत मागितल्याची पोच जपा. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. त्यावर उच्च न्यायालयात पुनरीक्षण, म्हणजे आदेशाची फेरतपासणी, आहे. ‘थेट मुंबईला हेबिअस टाकू’, म्हणजे मूल बेकायदा अडकवून ठेवलंय असा अर्ज उच्च न्यायालयात करू, असं म्हणणाऱ्या वकिलाला आधी विचारा, मूल समितीच्या आदेशाने बालगृहात असताना अपील का नको?

तक्रार आदेशाबद्दल नसून कामाच्या पद्धतीबद्दल असेल, म्हणजे तारखेला समितीच बसत नाही, ऐकूनच घेतलं नाही, प्रत दिली नाही, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून आदेश द्यायचा असतो. अर्ज एका पानाचा, तारीखवार. विशेषणं काढून टाका.

परिस्थिती बदलली म्हणून त्याच समितीकडे पुन्हा जाता येतं, हे पालकांना कुणी सांगत नाही. बाप सहा महिने दारूशिवाय राहिला, आईने वेगळी खोली घेतली, आजी गावाहून कायमची आली, असं काही झालं की नवा अर्ज, नवे कागद आणि पुन्हा गृहचौकशीची मागणी. बालगृहात गेलेलं मूल अठरापर्यंत तिथेच राहतं असं नाही. संस्थेचं पहिलं कामच मूल घरी पोहोचवणं आहे, असं कायदा म्हणतो.

मूल घरी येतं त्या दिवशी

मुलाच्या मापाचे कपडे न्या. चार महिन्यांत उंची वाढलेली असते. बालगृहातून शाळेचा दाखला, औषधांचे आणि लसीचे कागद मागून घ्या. हमीपत्रावर काय काय कबूल केलंय ते पुन्हा वाचा, कारण देखरेखीचा माणूस तेच तपासायला येणार आहे, आणि तो न सांगताही येऊ शकतो. पत्ता बदललात तर आधी समितीला कळवा.

‘तू तिथे आमच्याबद्दल काय सांगितलंस?’ हा प्रश्न विचारू नका. त्या रात्री नाही, महिन्याने नाही, मूल मोठं झाल्यावर चेष्टेतही नाही. काही मुलं पहिले काही दिवस ताटात भाकरी उरवून उशाखाली ठेवतात, काही रात्री दाराला कडी आहे का ते उठून बघतात. बघू द्या. आदेशाची प्रत रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, तिची एक झेरॉक्स शाळेत मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात द्या, आणि पुढच्या तारखेला मुलाला घेऊन वेळेत जा. या वेळी बाकावर ते तुमच्या शेजारी बसलेलं असेल.